सोलरला जमीन द्यावी का? आधी सातबाऱ्याबाहेरची माणसं मोजा

वाचकाचं पत्र :

ताई, मी जिंतूर तालुक्यातला शेतकरी, वय ३६. आमची ११ एकर जमीन अण्णांच्या नावावर आहे. ४ एकर काळी, विहिरीवर भिजणारी. बाकी ७ एकर माळावर, मुरमाड, पण सबस्टेशनपासून दीड किलोमीटरवर. हा माळ बऱ्याच वर्षांपासून गावातले एक मामा बटईनं करतात. नात्यातले नाहीत, पण आम्ही मामाच म्हणतो. सोलर कंपनीचा एजंट दिवाळीपासून चकरा मारतोय. त्याला सलग ११ एकर पाहिजे. एकरी वर्षाला ४० हजार, दर तीन वर्षांनी ५ टक्के वाढ, मुदत २९ वर्षं. धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे, तो म्हणतो डोळे झाकून सही करा. अण्णा म्हणतात, मी आहे तोवर शेताला तारेचं कुंपण पडू देणार नाही. गावात दोन तट पडलेत. सबस्टेशनजवळ जमीन असलेले बाजूनं, बाकीचे विरोधात. त्यात गावच्या ६० एकर गायरानावरही सोलरचा ठराव ग्रामसभेत येणार आहे. एजंट म्हणतो, गायरानाला हात वर करा म्हणजे तुमचंही काम सोपं होईल. जमिनीचं काय करू, अण्णांना कसं समजावू आणि ग्रामसभेत काय करू?

उत्तर :

भाऊ, तुमची काळी, तुमचा माळ आणि गावचं गायरान ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. एजंटनं त्यांची एक मोट बांधून तुमच्यासमोर ठेवलीय. ती मोट आधी सोडा. माझं मत सुरुवातीलाच सांगते. काळी देऊ नका. माळ द्यायला माझी हरकत नाही, पण या दरानं आणि या कागदावर नाही. आणि गायरानाचा ठराव तुम्ही सांगताय त्या रूपात आला, तर हात खाली ठेवा.

काळीचं थोडक्यात सांगते, कारण तिथं फार विचार करावा असं काही नाही. एक मेगावॉटच्या प्रकल्पाला साधारण ४ ते ५ एकर जागा लागते. म्हणजे तुमचा ७ एकर माळ एकटासुद्धा कामाला येतो, आणि लागून दुसऱ्या कुणाचा माळ असेल तर एजंटनं तिकडे विचारावं. सलग तुकडा एकाच घराकडून घेतला की कंपनीला एकच करार करावा लागतो. ती तिची सोय आहे, तुमची गरज नव्हे. ४ एकर हातात राहिली तर घरात ज्वारी राहते, गुरांना कडबा राहतो, सोसायटीचं पीककर्ज आणि पीकविमा राहतो. पीएम-किसानच्या नियमात बिगरशेती वापराखालची जमीन धरत नाहीत, हे एजंट तुम्हाला सांगणार नाही. कंपनीचं भाडं एखाद्या वर्षी सहा महिने लांबलं, तर ते सहा महिने तुमचं घर या चार एकरांवरच निघणार आहे.

आता माळ. सोलर म्हटलं की ‘पिकाऊ जमीन पॅनलखाली गेली’ असं म्हणायची आपल्याकडे रीत पडलीय. काही ठिकाणी ते अगदी खरं आहे. ओलिताची, दोन पिकांची जमीन केवळ सबस्टेशनजवळ आहे म्हणून काचेखाली घालणं मला पटत नाही, आणि तसं करणाऱ्याला मी स्पष्ट नको म्हणते. पण तुमच्या माळाचा हिशोब वेगळा आहे. मुरमाड जमिनीत पाऊसमान बरं असलं तर एकरी ५ क्विंटल सोयाबीन धरू. २०२५-२६ च्या खरिपाचा हमीभाव ५,३२८ रुपये. तो पुरता मिळाला असं मानलं तरी एकरी २६,६४० रुपये होतात. बियाणं, खत, फवारणी, काढणी आणि मळणी वजा करा, उरलेल्यात मामांचा निम्मा वाटा काढा. तुमच्या हातात एकरी दहा हजारसुद्धा राहत नसतील, आणि आडतीवर खरोखर काय भाव मिळतो हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. त्यामुळे तुमचा भाऊ चुकीचं बोलत नाही. चुकते ती त्याची घाई.

कारण एकरी ४० हजार हा आकडा मोठा दिसत असला, तरी कमी आहे. राज्य सरकारनं २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आणली. सबस्टेशनजवळच्या जमिनीवर छोटे-मध्यम सौर प्रकल्प उभारायचे आणि त्या विजेवर कृषी फीडर, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिन्या, दिवसा चालवायच्या, अशी ती योजना. त्यात खासगी जमिनीसाठी हेक्टरी १,२५,००० रुपये किंवा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या, किमतीच्या ६ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते वार्षिक भाडं ठरलं आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ. हेक्टरी सव्वा लाख म्हणजे एकरी ५० हजार. एजंटची कंपनी या योजनेत आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसली तरी हा दर तुमच्या हातातला मोजदंड आहे. पहिल्याच वर्षी ७ एकरांवर ७० हजारांचा फरक पडतो, आणि पुढे तो वाढत जातो. एजंटच्या वाढीनं २५ व्या वर्षी तुम्हाला एकरी ५९ हजारांच्या आसपास मिळतील. योजनेची ३ टक्के वाढ सरळ धरली, म्हणजे दरवर्षी दीड हजार, तरी त्या वर्षी ८६ हजार होतात, आणि चक्रवाढ धरली तर १ लाख १ हजारांच्या वर. म्हणून वाढ किती, दरवर्षी की तीन वर्षांनी, सरळ की चक्रवाढ, हे करारात शब्दांत आलं पाहिजे. शक्य असेल तर कराराला २९ वर्षांचा तक्ताच जोडून घ्या, प्रत्येक वर्षासमोर रक्कम लिहिलेला. जो तक्ता देणार नाही, त्याला जमीन देऊ नका.

दुसरा प्रश्न एजंटला असा विचारा : या प्रकल्पाची वीज जाणार कुठं? सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प असेल तर ती जवळच्या सबस्टेशनातून शेतीच्या फीडरला येते आणि शेतकऱ्यांना दिवसा पाणी देता येतं. रात्री बाराला लाईट आली म्हणून बॅटरी घेऊन विहिरीवर जाणं काय असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. साप, रानडुक्कर आणि ओल्या हातानं लावलेला स्टार्टर यांनी आपल्या भागातल्या किती घरांतली माणसं नेली. दिवसा वीज मिळत असेल तर गावानं थोडी जमीन सोडण्यात अर्थ आहे, असं मी मनापासून मानते. पण प्रकल्प एखाद्या कारखान्याला वीज विकण्यासाठी असेल तर तारा तुमच्या शिवारावरून जातील आणि तुमची मोटर पूर्वीसारखीच रात्री चालेल. तो व्यवहार करू नये असं नाही. पण मग तो निव्वळ भाड्याचा व्यवहार आहे, गावाच्या भल्याचा नाही, आणि एजंटनं पारावर बसून ‘गावाचा विकास’ म्हणू नये. विरोध करणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारायला सांगा. वीज कुठं जाते हे कळल्यावर दोन तटांमधलं निम्मं भांडण मिटेल. उरलेलं निम्मं खरं असेल, ते मात्र दाबू नका.

कागदाबद्दल. जमीन द्यायची ती नोंदणीकृत भाडेपट्ट्यानं, दुसऱ्या कशानंही नाही. साठेखत नको, आणि ‘कामं अडू नयेत म्हणून’ कुलमुखत्यारपत्र तर मुळीच नको. एजंट हमखास मागतात. विक्रीचा किंवा गहाणाचा अधिकार असलेलं मुखत्यारपत्र एकदा हातातून गेलं की सातबाऱ्यावर काय चढेल यावर तुमचा ताबा राहत नाही. कंपनी बँकेकडून कर्ज काढणार, त्यासाठी आपला भाडेपट्ट्याचा हक्क ती तारण ठेवेल. ते ठीक. पण अण्णांची मालकी कोणत्याही कर्जाला तारण नाही, हे वाक्य करारात असलंच पाहिजे. भाडं सहीच्या तारखेपासून सुरू व्हावं. ‘प्रकल्प सुरू झाल्यापासून’ असं लिहिलं असेल तर खोडायला लावा, नाहीतर दहा-वीस हजारांच्या टोकनवर जमीन दोन-तीन वर्षं अडकून पडते, पेरताही येत नाही आणि भाडंही येत नाही. दीड वर्षात काम उभं राहिलं नाही तर करार आपोआप रद्द, दिलेलं भाडं परत नाही, असं लिहून घ्या. कंपनी दुसऱ्या कंपनीला विकली गेली तर सगळ्या अटी नव्या मालकावर बंधनकारक, हेही. असं विकणं या धंद्यात नेहमीचं आहे. पहिली सही घेणारा माणूस २९ वर्षांनी तुमच्या दारात येणार नाही.

शेवटची अट मुदतीनंतरची. पॅनलच्या खांबांसाठी जमिनीत लोखंड आणि काँक्रीट उतरतं, बांध मोडतात, माती सपाट करतात. मुदत संपल्यावर ते सगळं काढून जमीन पूर्वीसारखी करून देण्याचा खर्च कुणाचा, हे आजच ठरवा, आणि त्यासाठी बँकेत ठेव किंवा बँक गॅरंटी मागा. माळाचं पाणी कुठल्या ओघळीनं खाली जातं ते तुम्हाला ठाऊक आहे. तो ओघळ बुजला तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी शेजाऱ्याच्या शेतात शिरेल आणि शिव्या तुम्ही खाल. वहिवाटीचा गाडीरस्ता माळातून जात असेल तर कुंपण त्याला सोडून पडलं पाहिजे. मागच्या शेतकऱ्याची बैलगाडी अडली की तो तहसीलदारांकडे जाईल, आणि त्याचं बरोबरच असेल.

बहिणींचा उल्लेख पत्रात नाही. बहीण असेल आणि जमीन वडिलोपार्जित असेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं तिचा मुलाइतकाच हक्क आहे. एजंट तिची सही ‘फॉर्मॅलिटी’ म्हणून मागेल, काही वेळा हक्कसोडपत्रच पुढे करेल. तिला भाड्यातला वाटा द्या. राखीला रिकाम्या हातानं आलेल्या बहिणीकडून हक्कसोड लिहून घेऊन तिच्या वाट्याचं भाडं २९ वर्षं खायचं, हे कुठल्याच घराला शोभत नाही. भाड्याचं हे उत्पन्न शेतीचं धरलं जात नाही, त्यामुळे आयकर लागू होतो, तेही सी.ए.ला एकदा विचारून घ्या.

आता अण्णांकडे येते. त्यांचा विरोध हा म्हातारपणाचा हट्ट आहे असं भावाला वाटत असेल, तर त्याला धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांची आठवण करून द्या. दोंडाईच्याच्या सौर प्रकल्पासाठी त्यांची सुमारे ५ एकर जमीन संपादित झाली. शेजारच्यांना कितीतरी जास्त मोबदला मिळाला आणि आपल्याला चार लाखांच्या आसपास, ही त्यांची तक्रार होती. ऐंशी ओलांडलेला हा माणूस कागद घेऊन कार्यालयांचे उंबरठे झिजवत राहिला. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि २८ जानेवारीला ते गेले. त्यांच्या अर्जाला वेळेवर न्याय्य उत्तर मिळालं असतं तर ही वेळ आली नसती. अण्णांच्या वयाच्या शेतकऱ्यांच्या मनात सोलर म्हटलं की हे उभं राहतं, आणि ते अगदी बरोबर आहे.

फरक एवढाच की ते संपादन होतं, जमीन कायमची गेली. भाडेपट्ट्यात सातबाऱ्यावर अण्णांचं नाव राहतं, कंपनीची नोंद ‘इतर हक्कात’ जाते. हा फरक त्यांना तोंडी सांगू नका. तलाठ्याकडून अशा करारानंतरचा एखादा सातबारा मागून आणा आणि त्यांच्या हातात द्या. आसपास चालू प्रकल्प असेल तिथं त्यांना घेऊन जा, पण कंपनीच्या गाडीतून नाही. गेटवरच्या साहेबाशी बोलायचं कारण नाही. ज्यानं जमीन दिली त्या शेतकऱ्याच्या घरी बसा आणि त्यांना विचारू द्या : भाडं कोणत्या महिन्यात येतं, गुरं आता चारता कुठं, पॅनल धुवायला पाणी कुठून उपसतात. अण्णांना जे प्रश्न पडतील ते तुमच्या वकिलालाही सुचणार नाहीत. आणि हे सगळं पाहून ते नाहीच म्हणाले तर सही करू नका. जमीन त्यांची आहे. माळ कुठे पळून जात नाही, सबस्टेशनही नाही.

पत्रात ज्याबद्दल तुम्ही सल्ला मागितला नाही, ते मला सर्वांत जास्त टोचलं. मामा. त्यांचा उल्लेख एका ओळीत येतो आणि पुढे पत्रात ते कुठेच नाहीत. भावाच्या हिशोबात नाहीत, एजंटच्या तर नाहीतच. तारेचं कुंपण पडलं की तुमचं उत्पन्न पाचपट होईल आणि त्यांचं शून्य. कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यातल्या पावगडला २,०५० मेगावॉटचं सौर उद्यान झालं, सुमारे १३ हजार एकरांवर. तिथं जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून एकरी वर्षाला २१ हजारांनी भाड्यानं घेतली आणि दुष्काळी भागातल्या जमीनमालकांना ती मानवली. पण त्याच शिवारात मजुरीला जाणाऱ्या बायका आणि मेंढरं चारणारे यांना त्या भाड्यातलं काहीच मिळालं नाही, आणि काम मात्र गेलं. सोलरच्या प्रकल्पाला उभारणीच्या वेळी माणसं लागतात. नंतर चार-दोन राखणदार, गवत काढणारे आणि पॅनल धुणारे. ‘गावात नोकऱ्या येतील’ हे वाक्य तेवढ्यावर संपतं.

मामांना सांगायला एजंटला पाठवू नका, तुम्ही स्वतः जा, आणि सहीच्या आधी जा. निदान एक पूर्ण हंगाम त्यांना मिळाला पाहिजे. मी तुमच्या जागी असते तर पहिली तीन वर्षं भाड्यातला ठरावीक वाटा त्यांना दिला असता, त्यांनी माळातून जेवढं काढलं असतं साधारण तेवढा. ७ एकरांच्या साडेतीन लाखांतून हे सहज निघतं. शिवाय करारात दोन गोष्टी त्यांच्या नावानं मागा. पॅनलखालचं गवत कापून न्यायचा हक्क, आणि राखणदार किंवा गवत काढणारा म्हणून पहिली निवड. कंपनीला या अटी जड नाहीत, फक्त त्या कुणी मागत नाही. पॅनलच्या ओळींमध्ये पीक घेण्याचे प्रयोगही झालेत, जोधपूरच्या ‘काझरी’ संस्थेनं मूग-मटकीसारखी पिकं अशी घेऊन दाखवली. तुमची कंपनी ओळी रुंद ठेवायला तयार होणं अवघड वाटतं, पण विचारून पाहा.

आणि गायरान. तुमच्या जमिनीवर सही करायचा हक्क अण्णांचा आहे. गायरानावर तुम्ही गावातल्या शेकडो लोकांपैकी एक आहात, आणि त्यात ज्यांच्या नावे गुंठाभरही जमीन नाही त्यांचा आवाज तुमच्यापेक्षा जड असायला हवा. मराठवाड्यात गायरान नुसतं गुरांचं नाही. भूमिहीनांनी, त्यातही दलितांनी, पिढ्यान्‌पिढ्या ते कसलंय. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले ते याच प्रश्नावर. अनुसूचित जाती-जमातींची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे, आणि तरीही कित्येक घरांचे कागद अजून झालेले नाहीत. पुढे सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात २०११ मध्ये गावची सामाईक जमीन जपण्याचा निकाल दिला आणि त्याच वर्षी १२ जुलैला राज्य सरकारनंही गायरानाच्या वापरावर निर्बंध घातले. सार्वजनिक कामाची वाट त्यात खुली आहे, म्हणूनच सोलरचे प्रस्ताव येतात.

पैशाचंही ऐका. सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमीन नाममात्र १ रुपया भाड्यानं दिली जाते. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तेही तीन वर्षं, म्हणजे एकूण १५ लाख मिळतात. तुमच्या माळाला जो दर आपण मागतोय त्या दरानं ६० एकरांचं भाडं एका वर्षाला ३० लाख झालं असतं. दिवसाची वीज हा मोबदला आहे हे मी नाकारत नाही. पण ती वीज विहीर आणि मोटर असलेल्याला मिळते, शेळ्या राखणाऱ्या बाईला नाही. गायरान तिचं जातं आणि पाणी आपल्या पिकाला मिळतं, हे ग्रामसभेत कुणीतरी उठून बोललं पाहिजे. तुम्ही बोला. तुमच्या माळाचा करार व्हायचा असतानाही बोललात तर त्या शब्दाला जास्त वजन येईल. ‘तुमचं काम सोपं होईल’ या एजंटच्या वाक्याची तर प्रोसिडिंगमध्ये नोंदच करायला लावा.

नुसता विरोध करून खाली बसू नका. उपसूचना मांडा : आधी गायरानावर कोण कसतं, कुणाची गुरं-शेळ्या चरतात, सरपण कोण नेतं, याची घरवार यादी ग्रामपंचायतीनं करावी. नियमित होण्यासारखी प्रकरणं तहसीलला पाठवावीत. चराईला पुरेल एवढं क्षेत्र आणि पाणवठ्याची वाट नकाशावर आखून सोडावी. उरलेल्या खडकाळ तुकड्यावर सोलरचा विचार नंतरच्या ग्रामसभेत व्हावा. उपसूचना लेखी द्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर ग्रामसेवकाची पोच घ्या. ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा घ्यायला सरपंचांना सांगा, कारण गायरानात रोज कोण जातं हे त्यांना नेमकं माहीत असतं.

घरी मात्र सुरुवात मोजणीपासून करा. भूमी अभिलेख कार्यालयात अण्णांच्या नावानं अर्ज द्या, म्हणजे माळ कुठे संपतो आणि काळी कुठे सुरू होते हे खुणा गाडून पक्कं होईल. मोजणीला अण्णा आणि मामा दोघंही हजर असू द्या, भावालाही चाकणहून त्या दिवशी बोलवा. तोपर्यंत एजंटकडून टोकन, चेक, आधारची झेरॉक्स, काहीही द्यायचं-घ्यायचं नाही. कराराचा मसुदा मराठीतून मागा, आणि तो मिळाला की मला पाठवा. भाड्याचा तक्ता जोडलेला.